घड्याळात ८०० ची तूट, काट्यावर मात्र २७५ ची

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, पुरुष, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. पणजीत ऑफिसात बसून काम, येणे-जाणे स्कूटरने, संध्याकाळी तासभर चालणे. मनगटावरचे घड्याळ दिवसाला सरासरी २,७५० कॅलरी खर्च दाखवते, खाण्याची नोंद ॲपमध्ये १,९५० ची होते. म्हणजे रोज ८०० ची तूट. या हिशेबाने सहा आठवड्यांत चार-साडेचार किलो उतरायला हवे होते, उतरले दीड किलोच्या आसपास. थायरॉइडची तपासणी झाली, ती ठीक आहे. मग घड्याळ खोटे की शरीरातच काही बिघाड? सोबत रोजच्या वजनाची आणि खाण्याची नोंद पाठवली आहे.

शरीरात बिघाड दिसत नाही, आणि घड्याळ काढून ठेवायचेही कारण नाही. तूट आहे, पण ती ८०० ची नसून २७५ च्या आसपासची आहे. हा आकडा तुमच्याच नोंदीतून निघतो. तो कसा काढायचा ते आधी सांगतो, कारण या उत्तरातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

एक किलो शरीरातली चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तुमच्या पहिल्या आठवड्याच्या सात वजनांची सरासरी ८२.० येते, दुसऱ्याची ८१.४, सहाव्याची ८०.४. पहिल्या आठवड्यातली ०.६ ची घट हिशेबात धरायची नाही. खाणे कमी झाले की यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा घटतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी निघून जाते. ती घट बहुतेक पाण्याची. दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत एक किलो उतरले. इथे दिवस मोजताना बरेच जण चुकतात. दुसरा ते सहावा म्हणून पाच आठवडे, ३५ दिवस, असे धरतात. पण आठवड्याची सरासरी ही त्या आठवड्याच्या मधल्या दिवसाची असते. दोन मधल्या दिवसांत अंतर चार आठवड्यांचे, म्हणजे २८ दिवसांचे. ७,७०० भागिले २८ बरोबर २७५. ही तुमची खरी रोजची तूट.

घड्याळ आणि ॲप मिळून ८०० म्हणतात, काटा २७५ म्हणतो. फरक ५२५ चा. या ५२५ पैकी घड्याळाने खर्च किती फुगवला आणि नोंदीत खाणे किती सुटले, याची नेमकी वाटणी घरच्या घरी करता येत नाही, आणि वजन उतरवण्यासाठी ती करण्याची गरजही नाही. घड्याळ तेच, नोंद करण्याची पद्धत तीच, दिनक्रम साधारण तोच असेल तर हा फरकही बऱ्यापैकी तसाच राहतो. मग तो वजा करून चालायचे. खरी ४५० ची तूट हवी असेल तर ॲपमध्ये ४५० अधिक ५२५ म्हणजे ९७५ ची तूट दिसली पाहिजे. आज ८०० दिसते, म्हणून आणखी १७५ ची सोय करायची. तुमच्या नोंदीतले १,९५० चे खाणे १,७७५ वर आले की झाले.

तरीही फरक येतो कुठून हे समजून घेतलेले बरे, कारण त्यातला काही भाग सहज काढून टाकता येतो.

घड्याळाच्या आत कॅलरी मोजणारे काहीच नसते. हिरव्या प्रकाशाने ते त्वचेखालच्या रक्ताची ये-जा टिपते आणि त्यातून नाडीचा वेग काढते. मनगटाच्या हालचालीवरून पावले मोजते. मग तुम्ही भरलेले वय, वजन, उंची आणि लिंग घेऊन सूत्रात घालते. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. नाडीचा वेग सातपैकी सहा उपकरणांनी पाच टक्क्यांच्या आत बरोबर सांगितला. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून सेन्सर सुधारले आहेत. पण नाडीवरून कॅलरीचा अंदाज बांधण्यातली मूळ अडचण तीच आहे.

तुमच्या २,७५० ची फोड करून पाहू. विश्रांतीतला खर्च, म्हणजे बीएमआर, काढण्यासाठी १९९० चे मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र सर्रास वापरतात: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, पुरुषांसाठी त्यात ५ मिळवायचे आणि स्त्रियांसाठी १६१ वजा करायचे. तुमचे ८२० अधिक १,०५० वजा १९० अधिक ५, बरोबर १,६८५. ही सूत्रे पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवरून बसवलेली आहेत. भारतीयांचा बीएमआर त्यांच्यापेक्षा पाच ते दहा टक्के कमी भरतो असे इथल्या मोजमापांत दिसले आहे. उंची-वजन तेच असले तरी आपल्यात स्नायूंचे प्रमाण कमी आणि चरबीचे जास्त असते, हे त्याचे एक मोठे कारण. तेव्हा १,६८५ च्या जागी १,५५० ते १,६०० धरणे वास्तवाला जवळचे. सुमारे शंभर कॅलरी इथेच गेल्या.

उरलेल्या १,०६५ घड्याळाने हालचालीच्या खात्यात टाकल्या आहेत. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर चालले की दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे अर्धी कॅलरी जास्तीची जाते. तुमच्यासाठी ८२ गुणिले ५ गुणिले ०.५, म्हणजे २०५. अन्न पचवण्यात खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास खर्च होतो, म्हणजे १९५. घरातली आणि ऑफिसातली उठबस, जिने, बाजारहाट यांचे उदारपणे ३०० ते ४०० धरू. बेरीज ७०० ते ८००. १,०६५ काही होत नाही.

जास्तीचे कुठून येते? गोव्यात पहिला संशय हवेवर घ्यावा. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मग शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, घामाने रक्तातले पाणी कमी होते, आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. जानेवारीत सकाळी साडेसहाला कांपालपासून मिरामारपर्यंत चालताना नाडी १०५ असेल, तर मे महिन्यात संध्याकाळी पाचला त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने ती १२० च्या पुढे सहज जाते, आणि तासाच्या शेवटी आणखी वर सरकलेली असते. स्नायूंनी केलेले काम तेवढेच. घड्याळाला मात्र दिसते ते एवढेच की नाडी वाढली, म्हणजे मेहनत वाढली. म्हणून २०५ च्या चालण्याला ते साडेतीनशे-चारशे दाखवते. शर्ट भिजला म्हणून चरबी जास्त जळली, असे काही नसते. घामाने उतरलेला किलो पाणी प्यायल्यावर परत येतो, आणि तो यायलाच हवा.

तपासून पाहायचे असेल तर एकच ठरलेला सपाट रस्ता घ्या, ३० मिनिटे, वेग तोच. एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी चाला आणि दोन्ही वेळचा कॅलरीचा आकडा लिहून ठेवा. अंतर सारखे असून आकड्यांत जो फरक पडतो, त्यातला बहुतेक हवेचा. चहा-कॉफी, अपुरी झोप, ताप, ऑफिसातला ताण यांनीही नाडी चढते आणि तेही घड्याळाला मेहनतच वाटते. उलट रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी दबलेली राहते आणि घड्याळ खर्च कमी दाखवते.

दुसरी गोष्ट स्कूटर. फोंडा ते पणजी खड्डे, गतिरोधक आणि हँडलची थरथर यांतून काही घड्याळे पावले मोजतात. घरातून निघताना पावलांचा आकडा पाहा, ऑफिसच्या पार्किंगमध्ये परत पाहा. गाडीवर बसून पडलेली भर समोर दिसेल. चारशे-पाचशेहून जास्त निघाली तर प्रवासात घड्याळ काढून खिशात ठेवून पाहा, किंवा घड्याळात गाडी चालवत असल्याची सोय असेल तर ती चालू करा. खोबरे किसताना, कणीक मळताना, आणि चवथीच्या आरतीत तासभर घुमट वाजवतानाही पावले पडत जातात. त्या हालचालीला खर्च असतो, पण चालण्याएवढा नसतो.

उलट बाजूही आहे, आणि ती सांगितली पाहिजे. किनाऱ्यावरच्या कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत चालायला डांबरी रस्त्याच्या दुपटीच्या आसपास ऊर्जा लागते. फक्त पावले मोजणाऱ्या बँडला त्यातले काही कळत नाही. लाटांनी ओली आणि घट्ट झालेली वाळू मात्र रस्त्यासारखीच. आल्तिनोचा चढ चढताना घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर नसेल, तर चढाचे श्रेय नाडीतून मिळेल तेवढेच. बाजाराच्या जड पिशव्या दोन्ही हातांत धरून चालले की मनगट हलत नाही आणि पावले गळतात. पोहताना पाण्यात नाडीचे मोजमाप भरवशाचे राहत नाही. जिममध्ये वजने उचलताना नाडी चढते ती खर्चाच्या प्रमाणात नसते. त्यावरून काढलेल्या कॅलरीला काही अर्थ नाही.

पट्ट्याकडेही लक्ष द्या. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटे वर, कोपराच्या बाजूला, हात झटकला तरी सरकणार नाही इतपत घट्ट. सैल पट्ट्याखाली घाम साचला की सेन्सर कधी कधी नाडी सोडून पावलांचा ठेकाच टिपू लागतो. मिनिटाला ११०-१२० पावले पडत असतील तर नाडीही नेमकी तेवढीच दिसते. धावताना तर ती १६०-१७० ला जाऊन चिकटते. शंका आली की थांबा, मानेवर बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. घड्याळाशी दहाहून जास्त फरक असेल तर त्या दिवसाचा आकडा सोडून द्या. प्रोफाइलमधले वजनही बदलत राहा. घड्याळ घेतले तेव्हाचे ८६ किलो अजून तसेच असेल तर विश्रांतीतला खर्चच चुकीच्या वजनावर निघतो.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त लोक फसतात ती: एकच कॅलरी दोनदा मोजणे. हे दोन प्रकारे होते. पहिला प्रकार व्यायामाच्या आकड्याचा. चालून झाल्यावर घड्याळ ३५० दाखवते, त्यात त्या तासाचा विश्रांतीतला खर्चही असू शकतो. तुमचा बीएमआर तासाला ७० चा आहे. त्या ७० तर खुर्चीत बसूनही गेल्या असत्या. ३५० मिळाल्या म्हणून रात्री ३५० जास्त खाल्ल्या, तर या ७० फुकटच्या धरल्या जातात, आणि वर हवेने फुगवलेला भाग वेगळाच. दुसरा प्रकार जोडणीचा. खाण्याच्या ॲपमध्ये सुरुवातीला ‘मी रोज सक्रिय असतो’ असे निवडले की ॲप रोजच्या चालण्याच्या कॅलरी आधीच हिशेबात घेते. मग त्याला घड्याळ जोडले की तेच चालणे पुन्हा बक्षीस म्हणून जमा होते. घड्याळ जोडलेले असेल तर ॲपमध्ये ‘बैठे काम’ हाच पर्याय ठेवा. आणि घड्याळात त्या दिवसाचा खर्च कमी भरला तर ॲपने खाण्याची मर्यादा खालीही आणावी, ही सोय सेटिंगमध्ये शोधून चालू करा. ती बंद असली की ॲप फक्त वाढवतच राहते.

घड्याळ नेमके काय दाखवते तेही पाहून घ्या. फिटबिटचा दिवसाचा आकडा विश्रांतीतल्या खर्चासकट असतो, म्हणून सकाळी उठताच तिथे चार-पाचशे दिसतात. ॲपल वॉचचे लाल कडे फक्त हालचालीच्या कॅलरी मोजते. गार्मिन दोन्ही वेगळ्या दाखवते. आणि तूट दुपारी तीनला बघू नका. तेव्हा खर्चाचा दिवस बराच बाकी असतो आणि जेवण होऊन गेलेले असते. काही ॲप उरलेल्या दिवसाचा अंदाज करून आकडा पुढे ढकलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचा बंद झालेला आकडाच धरायचा.

खाण्याच्या बाजूला माझा अनुभव असा की गोव्यातल्या नोंदीत सगळ्यात जास्त सुटते ते खोबरे आणि तेल. ॲपमध्ये ‘फिश करी, एक वाटी’ शोधले की जी नोंद येते ती कोणाच्या स्वयंपाकघरातली, किती खोबऱ्याची, काही कळत नाही. आपल्या घरचे हुमण, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाची माशांची आमटी, एकदा मोजून ठेवणे हाच उपाय. रिकामे पातेले काट्यावर ठेवा, समजा ६४० ग्रॅम. खोबरे वाटायला घेण्याआधी वजन करा: १६० ग्रॅम ओले खोबरे, सुमारे ५८०-६०० कॅलरी. तेल दोन चमचे, ८० ते ९०. कांदा, मिरच्या, धणे, चिंच मिळून ७०-८०. रस उकळला की नुस्ते (मासे) घालण्याआधी पातेले पुन्हा काट्यावर ठेवा. १,७४० भरले तर रस १,१०० ग्रॅम. एकूण ७५० भागिले ११, म्हणजे १०० ग्रॅमला ६८. वाटीभर म्हणून नोंदवलेले हुमण भातावर दोन-तीन डाव पडले की ३०० ग्रॅम होते, म्हणजे २०० च्या पुढे, तेही मासा वगळून. बांगडा वेगळा नोंदवायचा, काटे सोडून खाल्लेल्या भागाचा. तीच गोष्ट शागोतीची, तिथे खोबरे भाजलेले असते आणि तेल जास्त. वाटण गाळून फक्त नारळाचा रस वापरला तर काही चरबी चोथ्यात राहते, पण कॅलरी फार कमी होतात असे समजू नये. फुटी कढीत खोबरे नसते, ती नगण्य. नारळाच्या रसाची सोलकढी तशी नाही.

रव्यात घोळून तळलेल्या मासळीसाठी तेल मोजून घाला आणि तळून झाल्यावर उरलेले मोजा. ४० मिलिलिटर घातले, १८ उरले, तर २२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १८० कॅलरी चार बांगड्यांत मुरल्या. एकेकाला ४५. तळणे बंद करायला कोणी सांगत नाही, फक्त ते ४५ नोंदीत हवेत.

भाताची चूक वेगळी. १०० ग्रॅम कच्चा तांदूळ ३५० कॅलरी, १०० ग्रॅम शिजलेला भात १३० च्या आसपास. ॲपमध्ये दोन्ही नोंदी एकाखाली एक असतात. कच्चा तांदूळ तोलून ‘शिजलेला’ म्हणून टाकला की एका जेवणात २२० सुटतात. उकडा तांदूळ पाणी जास्त घेतो आणि पेज तर पाण्याचीच असते, म्हणून शिजल्यावरचे वजन भरवशाचे नाही. घरासाठी किती कच्चा तांदूळ घेतला ते तोला आणि आपला वाटा धरा. तीन जणांत ३०० ग्रॅम, आणि तुम्ही तिसरा भाग खाल्ला, तर ३५०. पोदेराकडचे उंडे, पोई, कातरे पाव यांचे आकार बेकरीगणिक बदलतात, म्हणून एक पाव तोला आणि १०० ग्रॅमला २६० धरा. पोईला कोंडा लागलेला असतो, चावून खावी लागते, पोट जास्त वेळ भरलेले राहते. पण वजनाला वजन धरले तर कॅलरीत मोठा फरक नाही.

दारू पिणाऱ्यांनी तीही लिहावी. ४२.८ टक्क्यांची फेणी ६० मिलिलिटर म्हणजे १४० कॅलरी. उर्राक साधारण १५ टक्क्यांचा, १८० मिलिलिटरचे दीडशे, आणि त्यात ओतलेले गोड सॉफ्ट ड्रिंक आणखी ८०. बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली अडीचशेच्या पुढे. सोबतचे मूठभर काजू, ३० ग्रॅम, १७०. सोमवार ते शुक्रवार रोज ५०० ची तूट म्हणजे २,५००. शनिवारी आणि रविवारी प्रत्येकी ९०० जास्त झाले की १,८०० परत. उरले ७००, दिवसाला शंभर. तुमच्या नोंदीत सहापैकी चार रविवार दुपारनंतर कोरे आहेत, तिकडे आधी बघा.

वजन घेण्याची रीत सोपी आहे पण पाळावी लागते. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कमीत कमी कपड्यांत, काटा त्याच लादीवर. रोज घ्या आणि रोजच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. सात दिवसांची सरासरी तेवढी बघा. आदल्या रात्री खारे सुके नुस्ते, लोणचे, हॉटेलचे जेवण झाले की मिठाबरोबर पाणी धरले जाते आणि सकाळी अर्धा-एक किलो वाढलेला दिसतो. ती चरबी असायला आदल्या दिवशी गरजेपेक्षा चार ते आठ हजार कॅलरी जास्त खायला हव्या होत्या. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी साचू शकते, म्हणून त्यांनी आठवड्याशी आठवडा न ताडता या पाळीचा दुसरा आठवडा मागच्या पाळीच्या दुसऱ्या आठवड्याशी ताडावा. काट्यावर किंवा घड्याळात दिसणारे चरबीचे टक्के पाणी कमी-जास्त झाले की बदलतात, त्यावर काही ठरवू नका. त्यापेक्षा टेप बरी. पोटाचा घेर पंधरवड्याला एकदा, श्वास सोडून. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

तुटीचा आकडा ४५० च का? तुमचा खरा खर्च २,३०० च्या आसपास असावा. त्याच्या १५ ते २० टक्के तूट ३५० ते ४५० येते. महिन्याला पावणेदोन किलो. यापेक्षा मोठी तूट लावली की माणूस नकळत कमी हलतो, लिफ्ट घेतो, बसल्या जागी सुस्तावतो, स्नायूही जातात, आणि दोन महिन्यांत सगळे सुटते. वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने ठेवा, तुमच्यासाठी १०० ते १३० ग्रॅम. मासळी खाणाऱ्याला हे जमते: १०० ग्रॅम बांगड्यात किंवा इसवणात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. श्रावणात नुस्ते बंद झाले की कडधान्ये, पनीर, दही, सोया मुद्दाम वाढवावे लागतात, नाहीतर महिनाभर आकडा निम्म्यावर येतो. आठवड्यातून दोन दिवस वजने उचला किंवा उठाबशा-जोर काढा. त्यात किती कॅलरी गेल्या ते घड्याळात पाहूही नका. तो व्यायाम स्नायू टिकवण्यासाठी आहे.

तुमच्या बाबतीत १७५ कुठून आणायच्या, तर माझा सल्ला: व्यायामाच्या बदल्यात ॲप देते त्या जास्तीच्या कॅलरी खाणे पूर्ण बंद करा आणि खोबरे-तेलाची नोंद वर सांगितल्यासारखी करा. मात्र नोंदीची पद्धत बदलली की जुना ५२५ चा फरक लागू राहत नाही. अचूक नोंद सुरू झाल्यावर १,९५० चे खाणे कागदावर २,०५० किंवा २,१०० दिसेल. घाबरू नका, खाल्ले तेवढेच आहे. आधी दोन आठवडे काही न बदलता फक्त नीट नोंद करा, म्हणजे आजचे खाणे नव्या मापात किती ते कळेल, आणि त्या आकड्यातून १७५ वजा करा. मग चार आठवड्यांनी सरासरी वजनावरून फरक पुन्हा काढा. वजन चार-पाच किलोंनी उतरले की, घड्याळ बदलले की, आणि पावसाळ्यात संध्याकाळचे चालणे बंद होऊन घरात ट्रेडमिल सुरू झाली की तो नव्याने काढायचा. ट्रेडमिलवर दांडी धरून चालू नका, पावलेही गळतात आणि मेहनतही कमी होते.

मधुमेह असलेल्यांसाठी एक सूचना, आणि ती गोव्यात विशेष महत्त्वाची आहे, कारण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना खाणे कमी करून चालणे वाढवले तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते. डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मगच तूट लावा. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालची मुले, आणि पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक त्रास झालेले लोक यांनी हा आकड्यांचा हिशेब डॉक्टरांशिवाय करू नये. इतरांनीही वैद्यकीय देखरेख नसताना स्त्रियांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० च्या खाली जाऊ नये, घड्याळ काहीही म्हणो.

चवथीचे दिवस मध्ये आले तर तेवढे दिवस आणि त्यानंतरचा एक आठवडा सरासरीतून सरळ वगळा. नेवऱ्या, पातोळ्या, खतखते खा आणि वजन नेहमीसारखे लिहीत राहा. पाणी उतरून आकडा जागेवर आला की त्या आठवड्यापासून पुढचे २८ दिवस मोजायला घ्या.